वन्संच्या कानाचं मशीन

दि. ६ एप्रिल

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

त्या दिवशी सकाळी मी उशांचे अभ्रे भिजत घातले होते, ओटा पुसत होते आणि एक डोळा गॅसवरच्या दुधावर होता. तेवढ्यात पुढच्या खोलीतून ह्यांची हाक आली, पडद्यामागे ये म्हणून. हाताला साबण तसाच घेऊन मी गेले. तुम्ही खुर्चीत पाठमोऱ्या बसला होतात. कानात मशीन, मशीनला वायर, वायर त्या छोट्या डबीला आणि डबी ह्यांच्या कॉम्प्युटरला. ह्यांचा आवाज जाडा, म्हणून बायका-मुलांच्या आवाजासाठी गिऱ्हाइकांच्या मागे मलाच उभं करायचे. मी पडद्याआडून नेहमीचे शब्द म्हणत गेले. सुई, फणी, ससा, शिट्टी. शिट्टी म्हटलं तर तुम्ही मिठी म्हणालात. त्यावर हे हळूच म्हणाले की मला ती मागूनही मिळत नाही आणि हिला न मागता मिळाली. मग डबीतून दोन-तीनदा काही कमी-जास्त केलं आणि तुमचे सगळे शब्द बरोबर आले. दूध मात्र उतू गेलं.

आज तुमचं पार्सल आलं आणि मला ती सकाळ आठवली. मशीन नीट पोचलं आहे. कापसात गुंडाळलेलं होतं, कुठे टवका उडालेला नाही. मी कानात बसणारा साचा कोमट पाण्यानं धुतला, नळी बदलली, सेल नवा घातला. एवढं मला येतं, इतकी वर्षं शेजारी बसून तेवढंही आलं नसतं तर मी माणूस कसली. तरी तुम्ही लिहिता तसं ते नुसतंच गुणगुणतंय की खरंच बिघडलंय, हे डबी लावून आतलं वाचल्याशिवाय कळणार नाही. हे नेहमी म्हणायचे, आधी वाचायचं, मग हात लावायचा.

अडचण तिथेच आहे. ह्यांचा जुना कॉम्प्युटर मरायला टेकला तेव्हा तुमच्या लेकानं तो अख्खा उचलून नव्या लॅपटॉपच्या पोटात ठेवला. लॅपटॉपवर एक खिडकी उघडते आणि त्या खिडकीत ह्यांचा कॉम्प्युटर जसाच्या तसा सुरू होतो. तोच निळा पडदा, डाव्या कोपऱ्यात ह्यांनी लावलेली तीच चित्रांची रांग. कानाच्या मशीनचा प्रोग्राम फक्त त्या आतल्या जुन्यावरच चालतो, नव्यावर नाही. पण डबी खुपसली की लॅपटॉप टिंग करतो आणि आतला कॉम्प्युटर ढिम्म. प्रोग्राम म्हणतो डबी जोडलेली नाही. मी डबी काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली, दुसऱ्या भोकात लावली. बाहेर टिंग, आत शुकशुकाट. तुमच्या लेकाला विचारलं आहे, तोवर धीर धरा.

फोन तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरच्या बारीक अक्षरांना तुम्ही मुंग्या म्हणता, म्हणून ही पत्रं. मला बरं वाटतं लिहायला. घरात बोलायला भिंती आहेत, पण त्या मान हलवत नाहीत.

तुम्ही कशा आहात ते खरं खरं लिहा. लोभ आहे, तो कानावर अवलंबून नाही.

तुमची
वहिनी


दि. १४ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मिठीवर दादा असं बोलला होता हे मला आज कळतंय. माझी पाठ होती म्हणून तुम्ही दोघांनी माझ्यामागे काय काय बोलून घेतलं असेल! एकदा सगळं लिहून काढ, वाचून तरी राग करीन.

खरं खरं लिही म्हणतेस, तर लिहिते. पाळणाघर हातचं जायची वेळ आली आहे. कोपऱ्यावरच्या घरातली नर्सबाई तुला माहीत आहे, तिचं दोन वर्षांचं बाळ माझ्याकडे असायचं. महिन्यापूर्वी ते बाथरूममध्ये गेलं आणि आतून खालची कडी लावून बसलं. मी पलीकडे स्वयंपाकघरात फळं चिरत होते. ते रडत होतं. वहिनी, ते रडत होतं आणि मी फळं चिरत होते. नर्सबाई ड्यूटी संपवून येत होती, तिला रस्त्यावरून ऐकू आलं. तिनं आत येऊन दार खांद्यानं ढकलून कडी तोडली. पोर रडून रडून घोगरं झालं होतं. ती मला एक शब्द बोलली नाही. बाळाचे कपडे, बाटली, दुपटं पिशवीत भरलं आणि गेली. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आणखी तीन मुलं आली नाहीत. उरलेल्या आयांनी मला बसवून सांगितलं की शाळा सुरू होईपर्यंत बघू, तोवर मशीनचं काही केलं नाहीत तर आम्हाला दुसरीकडे सोय बघावी लागेल. त्यांचं चुकलं नाही. पण मुलं गेली तर या घरात घड्याळाशिवाय काही उरणार नाही, आणि त्याची टिकटिकही मला ऐकू येत नाही.

त्या दिवशी दादानं लावून दिलेलं मशीनच कानात होतं. म्हणजे बिघाड त्यातच झाला आहे. मी दुकानात नवं घ्यायलाही गेले होते. ते म्हणाले आधी कानाची चाचणी करू. मी उठून आले. माझे कान दादानं तपासले आहेत, ते काय रोज बदलतात? तू बिघाड तेवढा काढ. आणि एक सांगते, दादानं जिथे जे ठेवलंय ते तिथेच राहू दे. त्यानं माझ्यासाठी केलेलं शेवटचं काम ते, आणि ते मी कानात घालून फिरते. त्यातला आवाज मला त्याच्या हातासारखा लागतो. हे तुला सांगायला नको.

सध्या कपाटातलं जुनं मशीन लावते. ते मध्येच शिट्टी मारतं आणि मुलं रेफ्री आला म्हणून टाळ्या वाजवतात.

माझ्या लेकाला यातलं जास्त कळवू नकोस. तो आधीच बंद कर, बंद कर म्हणून मागे लागला आहे. तुझी प्रकृती जप. लोभ ठेव, आणि घाई कर.

बहिरी नव्हे, जरा उशिरा ऐकणारी,
तुझी वन्सं


दि. १९ एप्रिल

ती. मामीस,
सा. न.

फोनवर सांगायला लागलो तर तू म्हणालीस, कागदावर दे, कागद हातात धरता येतो. म्हणून हे लिहितोय.

डबी बिघडलेली नाही. लॅपटॉपला जे काही लावशील ते आधी लॅपटॉप स्वतःकडे ठेवून घेतो. ते आतल्याला द्यायचं आहे हे आपण सांगावं लागतं. एका वेळी डबी दोघांपैकी एकाचीच असते. मी एक जोड-प्रोग्राम पाठवला आहे, तो बाहेरच्या लॅपटॉपवर टाक. टाकण्याआधी आतला कॉम्प्युटर पूर्ण बंद कर. मग तो पुन्हा सुरू कर, डबी लाव आणि खिडकीच्या वरच्या पट्टीत डिव्हायसेस, त्यात यूएसबी, त्यात डबीचं नाव शोध. नावावर टिक कर. बाहेरचा तिला सोडेल आणि आतला घेईल. आतल्याकडे मामाच्या वेळचं सगळं आहेच, त्यामुळे तो तिला लगेच ओळखेल. डबी मामाच्या एक्स्टेन्शनमधून लावू नकोस, थेट लॅपटॉपला लाव. आणि मशीनमध्ये काही लिहिणं चालू असताना लॅपटॉपचं झाकण पाडू नकोस, नाहीतर डबी मध्येच सुटेल आणि मशीन अर्धवट राहील.

आता दुसरी गोष्ट. आईनं तुला बाथरूमचं सांगितलं असेल, पण गाडीचं सांगितलं नसेल. मागच्या महिन्यात एक टेम्पो रिव्हर्समध्ये मागे येत होता, तो हॉर्न देत होता, आणि आई पाळणाघरातल्या एका मुलाचा हात धरून त्याच्या मागून चालली होती. शेजाऱ्यानं धावत जाऊन दोघांना ओढलं. तिला अजून माहीत नाही की टेम्पो हॉर्न देत होता. तिला वाटतं ड्रायव्हरच आंधळा.

मामी, मी इतक्या लांब आहे. रोज रात्री फोन उशाशी घेऊन पडतो, झोप लागत नाही. उद्या कुणाच्या मुलाला काही झालं तर आई त्यातून उठणार नाही. मी सांगून ती ऐकत नाही, पण मशीन संपलं असं तू सांगितलंस तर ऐकेल. त्यात काही निघो, न निघो, तू तेवढंच लिही की हे आता दुरुस्त होणार नाही. मशीनमुळे पाळणाघर बंद पडलं असं झालं तर तिची मानही खाली जाणार नाही. यात कुणाचं काही वाईट नाही.

तुझ्या हातचं अक्षर बघून मामाची आठवण येते, मशीन वाचायला तुला त्यानं शिकवलं नाही, तूच त्याच्या पुस्तकांवरून शिकलीस हे तो सगळ्यांना मिरवत सांगायचा. माझ्यावर माया राहू दे, मी सांगितलं त्याचा राग आला तरी.

तुझा
खटपट्या


दि. २५ एप्रिल

चि. खटपट्यास,
अ. आ.

डबी आत गेली. तुझा कागद समोर ठेवून सगळं केलं. पहिल्यांदा चुकले, कारण आतला बंद कर म्हणालास आणि मी नुसती खिडकी खाली केली. मला वाटलं दिसत नाही म्हणजे बंद. त्यामुळे डबीचं नाव फिकट दिसे आणि टिक काही बसेना. मग त्याला रीतसर बंद केलं, जोड-प्रोग्राम टाकला, पुन्हा सुरू केलं. तरी एकदा डबी काढून लावली तर ती परत बाहेरच जाऊन बसली. मला हसू आलं. नव्या सुनेसारखं आहे हे, जरा नजर हलली की माहेरी. दरवेळी हाताला धरून आणायचं.

शेवटी टिक बसली. बाहेरच्या लॅपटॉपनं उतरता सूर काढला आणि आतून चढता सूर आला. तो सूर, बाळा, हे गेल्यापासून या खोलीत वाजला नव्हता. रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक बसलं की तो वाजायचा आणि मी आत चहाचं आधण वाढवायची. मग मशीन वाचलं.

त्यात काय निघालं ते मी आधी तुझ्या आईला लिहिणार आहे. मशीन तिचं आहे आणि कानही तिचे आहेत. तू सांगितलंस तसं मी लिहिणार नाही. टेम्पोचं वाचून मलाही धस्स झालं, तुझं काळीज मला कळतं. पण मशीन संपलं म्हणून सांगितलं तर ती उद्या दुसरं मशीन घेईल, आणि आपल्या कानांना काही झालेलं नाही असंच समजून त्याच रस्त्यानं चालेल. पाळणाघर बंद होईल, रस्ता थोडाच बंद होणार आहे? खोटं सांगून आपण तिला टेम्पोपासून वाचवत नाही, फक्त तुला शांत झोप लागते.

रागावून लिहीत नाही. तू केलेल्या खटपटीमुळेच ह्यांचा कॉम्प्युटर अजून जिवंत आहे. जेवणाची आबाळ करू नकोस. आशीर्वाद पत्रात मावतील तेवढे घातले आहेत.

मामी


दि. २६ एप्रिल

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

काल मशीन वाचून झालं. वाचलं म्हणजे फक्त वाचलं, कशालाही हात लावलेला नाही, त्याबद्दल निर्धास्त असा.

मशीनमध्ये आत्ता काय आहे त्याची एक रेघ पडद्यावर येते. ह्यांनी शेवटचं लावून दिलं तेव्हाची दुसरी रेघ कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली आहे. बिघाड असेल तर दोन रेघा वेगळ्या दिसतात. मी दोन्ही एकावर एक आणल्या. मला दुसरी रेघ दिसेचना. वाटलं, माझंच काही चुकलं. पुन्हा केलं, डबी पुन्हा बाहेरून आत आणली, पुन्हा वाचलं. दुसरी रेघ पहिलीच्या बरोब्बर खाली होती, केसाचाही फरक नाही. मग मशीन मी माझ्या कानाशी धरून सगळे आवाज ऐकले. स्वच्छ आहेत.

वन्सं, मशीनमध्ये बिघाड नाही. ह्यांनी दिलं होतं तसंच ते आजही बोलतंय. मी देवाजवळ मागत होते की फरक निघू दे, पण निघाला नाही. म्हणजे कमी झालंय ते तुमच्या कानात. बाळ रडलं तेव्हा मशीननं त्याचं काम केलं होतं.

हे फिरवून लिहिता आलं असतं. मला फिरवून लिहिता येत नाही आणि तुम्हाला फिरवलेलं आवडत नाही.

या मशीनमध्ये अजून वाढवायला जागा आहे, तेवढं मला प्रोग्राममध्ये दिसतं. पण किती आणि कुठे वाढवायचं ते कानाच्या नव्या चाचणीशिवाय ठरत नाही, अंदाजानं वाढवलं तर उरलेलाही कान दुखावेल. तुम्ही चाचणी करून घ्या, कागद घेऊन माझ्याकडे या, आपण दोघी मिळून करू. वाढवलं की ह्यांचं लावलेलं मशीनमधून जाईल, हेही सांगून ठेवते. कॉम्प्युटरमध्ये त्याची नोंद राहील.

माझ्यावर चिडा, पण उत्तर पाठवा. माया आटू देऊ नका.

तुमची
वहिनी


दि. ३ मे

वहिनी,

पत्र मिळालं. मशीन आहे तसं परत पाठव.

माझे कान गेले हे लिहायला तुला काय लागतं, तुझे शाबूत आहेत. दादा असता तर त्यानं मला खुर्चीत बसवलं असतं, दहा वेळा शब्द म्हणायला लावले असते, आणि मग हसत हसत काहीतरी फिरवून दिलं असतं. तू एक रेघ बघितलीस आणि निकाल लावून मोकळी झालीस. डबी आत घालता आली म्हणजे तू दादा झाली नाहीस.

नोंद राहील म्हणतेस. कॉम्प्युटरमध्ये असून मला काय करायचंय? ते माझ्या कानात हवं. तुझ्याकडे त्याची खोली आहे, टेबल आहे, कपडे आहेत. माझ्याकडे एवढंच आहे, तेही पुसायला निघालीस.

आणि लेकाचं पत्र मलाही आलं. मशीन संपलं असं तुला सांगायला सांगितलं होतं हे त्यानंच कबूल केलं. तू नाही म्हणालीस हेही लिहिलंय त्यानं. त्याचे उपकार मानायचे की तुझे, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोलता आणि मी पुन्हा पाठमोरीच.

वन्सं


दि. ७ मे

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

मशीन सोबत पाठवते आहे. होतं तसंच आहे. सेल नवा आहे आणि एक जादा ठेवला आहे.

तुम्ही लिहिलंत ते वाचून मी दोन दिवस रडले आणि मग कामाला लागले. मी हे झाले नाही, होणारही नाही. खोलीचं म्हणालात तर मीही तेच करते. रोज टेबल पुसते. स्क्रू-ड्रायव्हर उचलते, खालची धूळ पुसते आणि तो परत त्याच तिरक्या जागी ठेवते. ह्यांचा चष्मा उघडा ठेवलेला आहे, कारण ह्यांनी तो उघडाच ठेवला होता. शेजारीण म्हणते आवरून टाका आता. मी तिला चहा देते आणि विषय बदलते. तेव्हा तुमच्या कानातलं तुम्हाला का सोडवत नाही हे मला कुणी शिकवायला नको.

पण वन्सं, माझ्या टेबलावर कुणाचं मूल ठेवलेलं नसतं.

एवढंच लिहायचं होतं. कधीही या, दार उघडंच आहे. लोभ तुटायला आपण दोघी काही भाडेकरू नाही.

तुमची
वहिनी


दि. २० मे

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं ते एक वाक्य वाचून मी पत्र गादीखाली टाकलं. झोप येईना तेव्हा वाटलं ते टोचतंय, म्हणून कपाटात ठेवलं. तिथूनही टोचत राहिलं. लिहिणारीच तसली.

मशीन आल्यावर मी ते कानात घातलं आणि सरळ नर्सबाईच्या घरी गेले. दार तिनंच उघडलं. बाळ मला बघून पळत आलं आणि माझ्या पायाला बिलगलं, त्याला काही राग नाही गं. त्याच्या आईचा चेहरा मात्र दगडासारखा. मी तिला म्हटलं की मला शिव्या दे नाहीतर देऊ नकोस, पण एक काम कर. मी बाहेर दाराआड उभी राहते, तू आतून बाळाला नेहमीसारख्या हाका मार. मला ऐकू आल्या की मी दार वाजवीन. ती तयार नव्हती. म्हणाली, मला हे असले खेळ नकोत. मी म्हटलं, खेळ नव्हे.

मी दार ओढून घेतलं आणि उभी राहिले. जिन्यात शांत होतं. मी वाट बघत होते. मला वाटलं तिच्या मनाची अजून तयारी होत नाहीये, सुरू करायला वेळ लावतेय. उभ्या उभ्या पाय दुखले. मग दार उघडलं. नर्सबाई रडत होती आणि तिचा आवाज बसला होता. ती सारखी हाका मारत होती, वहिनी. पहिल्या क्षणापासून मारत होती. मला वाटत होतं अजून सुरूच व्हायचं आहे.

तिनं मला आत नेऊन बसवलं. ती माझ्यासमोर बसून सावकाश, ओठ दाखवत बोलली. दुसऱ्या दिवशी तीच मला तिच्या दवाखान्यात घेऊन गेली आणि चाचणी करवून आणली. कागद तिनं वाचून दाखवला. आकडे मला कळत नाहीत, पण ती वाचताना माझ्याकडे बघत नव्हती, ते कळलं.

मी रविवारच्या गाडीनं येते. कागद घेऊन येते. तू सांगितलंस त्यात जागा आहे, तर ती वापर. दादाचं पुसावं लागेल तर माझ्या डोळ्यांदेखत पूस. मागच्या पत्रात मी नमस्कारही घातला नव्हता, तो या पत्रात दुप्पट समज.

तुझी
वन्सं


दि. ३१ मे

चि. खटपट्यास,
अ. आ.

तुझी आई रविवारी आली. तिला लिहायला वेळ नाही आणि फोनवर तू विचारशील ते तिला अजून नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळं मी कळवते.

सकाळी आम्ही दोघींनी खोली उघडली. डबी लावली, टिक केली, आत गेली. तुझ्या आईला मी ते दोन सूर ऐकवायला बघत होते, पण तिला ते ऐकू आले नाहीत. चाचणीचे आकडे मी आतल्या कॉम्प्युटरमध्ये एकेक करून भरले आणि दोनदा ताडून पाहिले. नवी रेघ जुन्या रेघेच्या बरीच वर गेली. मग प्रोग्रामनं विचारलं, मशीनमध्ये लिहू का? मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, आधी एकदा पडद्यामागे जा. मी गेले आणि नेहमीचे शब्द म्हटले. सुई, फणी, ससा, शिट्टी. ती काहीच बोलली नाही. मी मोठ्यानं म्हटले. तिनं एका शब्दाला फणी म्हटलं, तो ससा होता. मग तिनं मागे न वळता हात वर केला, पुरे म्हणून.

बटण मी दाबलं. लिहून होईपर्यंत ती टेबलाची कड धरून बसली होती आणि मी लॅपटॉपचं झाकण दोन्ही हातांनी धरून उभी होते, जणू ते आपण होऊन पडणार होतं. मग आवाज सुरू झाला आणि ती दचकून उठली. पंख्याचा एवढा आवाज होतो का म्हणाली. मी बोलले तर तोंड वाकडं करून म्हणाली की तुझा आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा येतोय. मी म्हटलं, पूर्वीही तसाच होता, तुमचा भाऊ तो गाळून देत होता. ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. तिनं मला विचारलं की आता आठवणीतला दादाचा आवाजही असाच पातळ येईल का. मी तिच्या शेजारी बसून राहिले.

दुपारी आम्ही घरभर फिरून पाहिलं. समोरून, मागून, जवळून बोललेलं तिला येतं. टेम्पोच्या हॉर्नचं तुझ्यासाठी मुद्दाम पाहिलं, रस्त्यावर नेऊन. तो येतो. पण मी स्वयंपाकघरात जाऊन बारीक आवाजात हाक मारली तर ती तिला ऐकू आली नाही. दार लोटून मारली, तीही आली नाही. मशीनमध्ये होती नव्हती ती जागा संपली आहे. बंद दारापलीकडचं मूल तिला ऐकू येणार नाही, नवं मशीन घेतलं तरी फारसा फरक पडणार नाही असं त्या चाचणीवाल्यानं कागदाखाली लिहिलं आहे. हे तिनं स्वतःच वाचून दाखवलं आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. संध्याकाळी ती म्हणाली की आयांना ती सगळं सांगेल, लपवणार नाही, आणि मग पाळणाघराला कुलूप घालेल. तिनं ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला कुकर झाला आहे का असं विचारतेय असं वाटलं.

तुला हवं होतं तेच ती बोलली. तुझं समाधान झालं असतं. माझं झालं नाही. ती बोलत होती तेव्हा मला बाहेर पाखरं ऐकू येत होती, खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ सुरू ठेवला होता तो ऐकू येत होता, रस्त्यापलीकडे एक मूल कुणाला तरी चिडवत होतं तेही. हे सगळं मी या घरात रोज ऐकते आणि ते कुणाच्याच कामाचं नसतं.

तू रागावशील. रागासकट पत्र लिही, मी वाचीन. आशीर्वाद नेहमीचेच, त्यात खाडा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारणीकडे घराची किल्ली दिली आणि तुझ्या आईबरोबर गाडीत बसून पाळणाघरात आले; बंद दारापलीकडचं आता मी ऐकते.

मामी